जादूच्या जगातील बिनपगारी कामगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत महागाई, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार असे भारदस्त विषय असताना अर्थशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाने किशोरवयीन मुलांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. संयोजकांनाही ते वाटले होते. विषय नक्की हाच ना, अशी त्यांनी मला दोनदा विचारणा केली. मी होय म्हणालो, कारण मी आज ज्याविषयी बोलणार आहे तो विषय कंत्राटी कामगारांच्या विषयापासून फारसा दूर नाही.

आपल्या चळवळीत या पुस्तकांबद्दल दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हे सारे पलायनवादी साहित्य आहे; सुखवस्तू घरांतील मुलांना वास्तवापासून दूर नेणारी ही अफू आहे. दुसरे मत थोडे उदार. मुले निदान काही वाचत तरी आहेत, तेव्हा वाचू द्यावे. या दोन्ही मतांचा गुण असा की, ती बाळगण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज पडत नाही. मी ती निवृत्तीनंतर उघडली. घरातील मुले ज्या ग्रंथांची पारायणे करतात त्यांत काय आहे ते पाहावे, एवढाच हेतू होता. वाचता वाचता माझा धंदा आड आला. चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेला माणूस राजवाड्याचे वर्णन वाचू लागला की हा खर्च कोण करतो, असे त्याच्या मनात येतेच.

कल्पित जगालाही अर्थव्यवस्था असते. तेथील लोक खातात, कपडे घालतात, घरांत राहतात. म्हणजे कोणीतरी पिकवते, शिवते आणि झाडते. वास्तववादी कादंबरीकाराचे हात याबाबतीत बांधलेले असतात. समाज जसा आहे तसा त्याला दाखवावा लागतो. अद्भुताच्या लेखकावर असे कोणतेच बंधन नाही. त्याने मनात आणले तर गुरुत्वाकर्षण रद्द होते, मृतांशी बोलता येते, माणूस अदृश्य होतो. इतके स्वातंत्र्य असलेल्या लेखकाने आपल्या जगातील कोणत्या गोष्टी जशाच्या तशा ठेवल्या, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

उदाहरण सर्वांच्या परिचयाचे घेतो. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या दशकात प्रसिद्ध झाल्या. आजवर त्यांच्या ६० कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि ८० हून अधिक भाषांत त्यांची भाषांतरे झाली. मराठीतही हॅरी आला आहे. या यशाची कथा सांगताना बाजारपेठेचे भाट नेहमी एका एकाकी स्त्रीच्या जिद्दीचे गोडवे गातात. जिद्द होतीच. परंतु पहिला भाग लिहीत असताना ही बाई तान्ह्या मुलीसह एडिंबरोमध्ये सरकारी निर्वाहभत्त्यावर राहत होती, आणि पहिला भाग निघाला त्याच वर्षी स्कॉटलंडच्या कला परिषदेने, म्हणजे सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेने, तिला ८,००० पौंडांचे अनुदान दिले. पहिल्या भागाची सजिल्द आवृत्ती अवघ्या ५०० प्रतींची होती. कल्याणकारी राज्याने केलेल्या इतक्या किफायतशीर गुंतवणुकीचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. ही लेखिका काही काळ ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या लंडन कार्यालयात नोकरीला होती, आणि एके काळच्या कम्युनिस्ट लेखिका जेसिका मिटफर्ड यांच्यावरून तिने आपल्या मुलीचे नाव ठेवले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे मी जी टीका करणार आहे ती एखाद्या प्रतिगामी लेखिकेवरची टीका समजू नये.

आता कादंबरीकडे वळू. हॉगवर्ट्स या जादूविद्येच्या निवासी शाळेत रोज संध्याकाळी भव्य दालनात पंगत बसते. सोन्याच्या ताटांत पक्वान्ने आपोआप प्रकट होतात. पहिले तीन भाग वाचक हेच मानून चालतो की, ही जादू आहे. चौथ्या भागात, म्हणजे २००० साली, रहस्य फुटते. त्या दालनाच्या बरोबर खाली तळघरात मुदपाकखाना आहे, वरच्यासारखीच चार लांब टेबले तेथे मांडलेली आहेत, आणि शंभराहून अधिक एल्फ तेथे राबून वरच्या पंगतीचे अन्न रांधत आहेत. एल्फ ही ठेंगणी, मोठ्या कानांची, मोठ्या डोळ्यांची जमात. घर आवरणे, चुली पेटवणे, कपडे धुणे ही सारी कामे त्यांची. आणि उत्तम नोकराचे लक्षण म्हणजे तो दिसू नये, असा त्यांच्यातच दंडक आहे. त्यांना पगार नाही, रजा नाही, अंगावर कपडे म्हणून भांडी पुसण्याचे फडके. मालकाने वस्त्र दिले तर एल्फ मुक्त होतो. न दिल्यास तो घराबरोबर वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातो. सहाव्या भागात क्रीचर नावाचा असा एक एल्फ मृत्युपत्रान्वये खुद्द हॅरीच्या मालकीचा होतो. आपला नायक, मित्रहो, सोळाव्या वर्षी गुलामाचा मालक बनतो.

सातव्या भागात याचे शास्त्रीय कारणही सांगितले आहे. जादूने अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही, असा तेथे नियम आहे. असलेले अन्न वाढवता येते, दुसरीकडून बोलावता येते. शून्यातून काढता येत नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला हा नियम वाचून आनंदच होतो. परंतु मग धान्य कोठून येते, हा प्रश्न राहतोच. सात जाडजूड ग्रंथांत मला शेतकरी भेटल्याचे आठवत नाही. हॅग्रिड नावाचा शाळेचा रखवालदार भोपळे लावतो, तेवढाच काय तो कृषिक्षेत्राचा वाटा!

आणखी एक गोष्ट सहज नजरेत येत नाही. या शाळेत विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काम केल्याचे प्रसंग पुष्कळदा शिक्षेचे असतात. जादू न वापरता ढाली घासून चकचकीत कर, जादू न वापरता दवाखान्यातील रुग्णांची भांडी धू. अंगमेहनत म्हणजे शिक्षा, हे समीकरण आपल्या देशात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु या कादंबऱ्या मला मोलाच्या वाटतात त्या येथून पुढे. हर्मायनी ही हॅरीची मैत्रीण, वर्गातील सर्वांत हुशार मुलगी, तिला हा प्रकार कळताच ती समोरचे ताट दूर सारते. नंतर ती ग्रंथालय धुंडाळते, तेव्हा तिच्या ध्यानात येते की, शाळेच्या हजारावर पृष्ठांच्या इतिहासग्रंथात या एल्फांचा एकदाही उल्लेख नाही. आपल्या इतिहासलेखनाबद्दल आपण परिसंवाद भरवतो; एक शाळकरी मुलगी तोच मुद्दा एका संध्याकाळी मांडते. ती संघटना काढते, बिल्ले तयार करते, दोन नाणी वर्गणी ठेवते, एका मित्राला चिटणीस आणि दुसऱ्याला खजिनदार नेमते. दोघांनाही त्यात काडीचा रस नाही. कोणी पिच्छा सुटावा म्हणून वर्गणी देतो, कोणी टिंगल करतो. हॅग्रिड, जो स्वतः जन्मावरून अपमान सोसत आलेला आहे, तो म्हणतो की, त्या बिचाऱ्यांना मुक्त करणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. या सभागृहातील कोणत्याही शाखा-चिटणिसाने हे प्रकरण वाचावे. त्याला आपले चरित्र छापून आल्यासारखे वाटेल.

एल्फांची प्रतिक्रिया तर याहून बोलकी. हर्मायनी मुदपाकखान्यात जाऊन पगार, रजा आणि हक्क यांवर त्यांच्यापुढे बोलते, आणि ते तिला जवळजवळ ढकलून बाहेर काढतात. विंकी नावाची एल्फ नोकरीवरून काढली गेली याच्या लाजेने व्यसनाला लागते. डॉबी हा एकच एल्फ स्वातंत्र्य मागणारा आहे. पण मुख्याध्यापक त्याला आठवड्याला दहा सुवर्णनाणी आणि शनिवार-रविवारची सुटी देऊ करतात, तेव्हा तो घासाघीस करून ते वेतन एका नाण्यावर आणि सुटी महिन्यातून एका दिवसावर आणतो. मजुराने स्वतःचे वेतन खाली ओढण्यासाठी केलेली ही घासाघीस विनोद म्हणून लिहिली आहे, आणि मुले हसतातही. मला त्यात हसू आले नाही. कामगार संघटनेत काम केलेल्या प्रत्येकाने ‘मालक फार चांगले आहेत हो, आमचे काही मागणे नाही’ हे वाक्य ऐकलेले आहे. ते खरोखर मनापासून बोलले जाते, आणि तीच त्यातील अवघड गोष्ट आहे.

हर्मायनी मग काय करते? पाचव्या भागात ती लोकरीच्या टोप्या विणून दालनात कचऱ्याखाली लपवून ठेवते. झाडलोट करताना एल्फांनी नकळत वस्त्र उचलावे आणि नकळत मुक्त व्हावे, ही तिची योजना. परिणाम असा होतो की, बाकीचे एल्फ त्या दालनात येणेच बंद करतात आणि सारी सफाई एकट्या डॉबीवर पडते. ज्याची मुक्ती करावयाची त्याला न विचारता केलेल्या कार्यक्रमाचे याहून नेमके चित्र मी आपल्या पक्षीय वाङ्मयातही पाहिलेले नाही. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींची संघटना उभी राहिली, तिची सुरुवात कोणा कार्यकर्त्याच्या पत्रकाने झाली नव्हती. बायकांनी आपण होऊन काम बंद केले, आणि कार्यकर्ते मागून आले. हर्मायनीला जे करता आले नाही ते धुणीभांडी करणाऱ्या त्या बायकांनी करून दाखवले होते.

लेखिकेचा खरा दोष मला पुढे दिसतो. तिने प्रश्न तर उभा केला. त्याचे काय करावयाचे हे मात्र तिला ठरवता आले नाही. सातव्या भागात डॉबी मरतो आणि हॅरी त्याच्यासाठी खड्डा खणतो. जादूने नव्हे, फावडे घेऊन, हाताला फोड येईपर्यंत. सातही ग्रंथांत मला सर्वांत श्रेष्ठ वाटलेला प्रसंग हाच. येथे श्रम ही शिक्षा राहत नाही. तो आदर होतो, आणि दुरून पाहणाऱ्या एका गॉब्लिनला त्यातून हा जादूगार निराळा असल्याचे कळते. पण महायुद्ध संपते, मुदपाकखान्यातले एल्फ सुऱ्या घेऊन त्यात लढलेले असतात, आणि त्या रात्री विजयी नायकाच्या मनात शेवटचा विचार येतो तो असा की, क्रीचर आपल्याला काही खायला आणून देईल काय! पुढे एकोणीस वर्षांनंतरचे उपसंहाराचे प्रकरण आहे, त्यात एल्फांच्या स्थितीबद्दल एक ओळ नाही. हर्मायनीने पुढे सरकारी खात्यात जाऊन एल्फांची स्थिती सुधारली, असे लेखिकेने २००७ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले. म्हणजे क्रांती झाली, पण पुस्तकाबाहेर. चौथ्या भागावरून २००५ साली निघालेल्या चित्रपटात तर ही संघटनाच गाळलेली आहे. भांडवली चित्रपटधंद्याला कोणता भाग अनावश्यक वाटला, हे येथे आपोआप दिसते.

मघाशी गॉब्लिनचा उल्लेख केला. ही जमात कारागिरांची आणि सराफांची. जादूगारांची पेढी तीच चालवते. त्यांना जादूची छडी बाळगण्याची बंदी आहे. त्यांच्या मालकीविषयक कल्पनेवर सातव्या भागात एक दीड पानाचा संवाद आहे, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवावा असा आहे. गॉब्लिनांच्या मते वस्तूचा खरा मालक ती घडवणारा. विकत घेणाऱ्याने पैसे मोजले म्हणजे ती त्याच्या हयातीपुरती भाड्याने घेतली. तो मेल्यावर वस्तू घडवणाऱ्याकडे परत आली पाहिजे. जादूगार ती आपल्या मुलाबाळांना देतात, ही गॉब्लिनांच्या दृष्टीने चोरी होय. श्रमातून मालकी निर्माण होते, हे लॉकने सांगितले. श्रमाचे फळ श्रमिकाच्या हातून कसे निसटते, हे मार्क्सने. या दोघांच्या मधली ही भूमिका बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांच्या हाती पडते आहे. आणि मग काय होते? ग्रिपहूक नावाच्या गॉब्लिनला तलवार देण्याचे वचन देऊन हॅरी ती कधी द्यायची हे मात्र मोघम ठेवतो. वाचकाला हे खटकते, हॅरीलाही खटकते. ग्रिपहूक ती तलवार घेऊन पळतो. शेवटी ती जादूनेच एका टोपीतून निघून जादूगाराच्या हाती येते. मालकीचा दावा मुद्द्याने खोडला गेला नाही, चमत्काराने निकालात निघाला. न्यायालयांतही असे निकाल लागलेले आपण पाहिले आहेत.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या कादंबरीकडून तुम्ही फार अपेक्षा करता. अद्भुतात कोणीतरी दास असणारच. हे खरे नाही, आणि ते खरे नसल्याचे पुरावे याच वाङ्मयप्रकारात आहेत. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने १९६८ ते १९७२ या काळात अर्थसी नावाच्या द्वीपसमूहावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिचा नायक गेड शेळ्या राखणारा, लोहार-कासाराच्या घरचा, आणि वर्णाने तांबूस-सावळा. गोऱ्या नायकांच्या त्या प्रांतात हेही थोडके नव्हते. तरी जादूची विद्यापीठे पुरुषांची आणि चूल बायकांची, हे तिनेही तसेच ठेवले होते. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, तिने ‘तेहानू’ लिहिली. त्यात गेडची सारी शक्ती संपलेली आहे. तो एका शेतकऱ्याच्या विधवेच्या घरी राहतो, शेळ्या चारतो, आणि जेवणानंतरची भांडी कोणी घासायची हा त्या कादंबरीत राज्याभिषेकाइतका महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या जगाने तिला कीर्ती दिली त्याच जगात परत जाऊन तिने त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लावला. काही जुने वाचक यामुळे नाराज झाले, आणि ते समजण्यासारखे आहे.

टेरी प्रॅचेटची टिफनी एकिंग ही २००३ ते २०१५ या काळातील पाच कादंबऱ्यांची नायिका. ती मेंढपाळांच्या घरची, चीज उत्तम करणारी मुलगी. तिच्या गावी चेटकीण होणे म्हणजे गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांची नखे कापणे, बाळंतपणे करणे, एकट्या माणसाच्या घरी डोकावून येणे. जादू त्यात क्वचितच लागते. आणि चायना मिएव्हिल, जो २००१ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत सोशॅलिस्ट अलायन्सच्या वतीने उभा राहिला होता, त्याने ‘अन लन डन’ या २००७ च्या कादंबरीत अवतारी पुरुषाच्या कल्पनेवरच घाव घातला. भविष्यवाणीने निवडलेली मुलगी प्रारंभीच जायबंदी होऊन घरी परतते. तिच्या मागे उभी असलेली, कोणीही न निवडलेली दीबा रेशम लढा हाती घेते. सात कामांची परंपरागत यादी तिला दिली जाते, तेव्हा मधली कामे वगळून ती थेट शेवटच्याकडे वळते. शत्रू आहे विषारी धूर, आणि त्याच्याशी संगनमत केले आहे लंडनच्या पर्यावरणमंत्रीणबाईंनी. भविष्य सांगणारा बोलका ग्रंथ आपण चुकलो म्हणून हिरमुसतो, तो भाग फार गमतीचा आहे. आपल्या काही सिद्धांतकारांची मला आठवण झाली. नावे घेत नाही.

आता आपल्या घराकडे येतो. हॅरीचा मित्र रॉन हा एका सरकारी नोकराचा मुलगा. सात भावंडे, एक पगार, जुनी पुस्तके, थोरल्या भावाची छडी. दारिद्र्याची लाज रोलिंगबाईंनी अतिशय समजून लिहिली आहे. आणि या घरातील आईची इच्छा कोणती? इस्त्रीच्या कामाला एक एल्फ मिळावा! ती दुष्ट नाही. ती दमलेली आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला; माथाडींचा कायदा १९६९ चा. हमालाच्या हक्कांसाठी आपण ज्या आवेशाने उभे राहिलो तो आवेश स्वतःच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या पगारी रजेबद्दल आपल्यात दिसत नाही, याचे कारण कदाचित रॉनच्या आईपाशी सापडेल. आपल्या सभांना स्त्री कार्यकर्त्या येऊ शकतात, त्या पुष्कळदा घरी कोणीतरी दुसरी स्त्री राबत असल्यामुळे. पुरुष कार्यकर्ते तर त्याशिवाय कधीच आलेले नाहीत.

गेल्या वर्षी काही मुलांशी या पुस्तकांवर मी गप्पा मारल्या. एल्फ गुलाम आहेत का, या प्रश्नावर त्यांचे दोन तट पडले. ‘त्यांना आवडते ना मग’ असे म्हणणारा गट मोठा होता. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘आवडत नाही असे म्हणणाऱ्या एल्फाचे काय होते, ते पुस्तकात कोणी पाहिले आहे का?’ मुले आठवू लागली. डॉबी मालकाच्या मनाविरुद्ध काही बोलला की स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेतो, हात इस्त्रीखाली घालतो, हे त्यांना आठवले. मोठा गट लहान झाला. मी मध्ये बोललो नव्हतो. हे मुलांनी स्वतः केले, कारण ग्रंथ त्यांना पाठ होता. माझ्या वर्गात गुलामगिरीच्या अर्थशास्त्राचा पाठ्यग्रंथ कोणालाही असा पाठ नव्हता.

माझी सूचना साधी आहे. आपल्या अभ्यास-मंडळांनी या सुटीत किशोर गटासाठी हॅरी पॉटरचा चौथा भाग घ्यावा, आणि मोठ्यांसाठीही तोच. पुस्तक महाग आहे, जाड आहे. चार जणांत एक पुरेल. चर्चा घेणाऱ्याने ते आधी स्वतः संपूर्ण वाचावे, एवढी एकच अट. मुलांपुढे न वाचता बोलणारा कार्यकर्ता पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. ‘तेहानू’ पुढच्या वर्षी घेता येईल, ती थोड्या मोठ्या वयाची आहे. वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी मघाशीच पाठवली आहे. तेव्हा थांबतो, मागे बसलेल्या त्या तरुण मित्राने केव्हापासून हात वर केला आहे, त्याचा प्रश्न आधी घेऊ.